निवाऱ्याचे दुसरे दार

महायुद्धाच्या काळात शिकाऊ वैमानिकांसाठी आमच्या शिवारात बांधलेल्या धावपट्टीवर आता हळद वाळते. शिजवलेली हळद पसरायला इतकी कठीण, सपाट जागा वसमतच्या या बाजूला दुसरी नाही. विमाने कोठे गेली, हे विचारणारा मी एकटाच उरलो आहे. आणि वकिली सोडल्यापासून वाद घालायला मला येथे हळद वाळवणाऱ्या सोनाजीखेरीज कोणी उरलेले नाही.

धावपट्टीच्या कडेला जमिनीत पुरलेली एक सिमेंटची खोली आहे. सोनाजीच्या मते ती पाण्याची टाकी. माझ्या मते विमानहल्ल्यापासून बचावाचा निवारा.

"टाकीला पायऱ्या कशाला असतील?" मी विचारले.

"धुवायला उतरावं लागत न्हाई व्हय?"

"निवाऱ्याला दोन दारे ठेवतात. एक बुजले, तरी आतली माणसे कोंडून मरू नयेत म्हणून. दुसरे दार मी तुला शोधून दाखवतो."

"निघा मंग तिकडून, वकीलसाहेब. आमी इकडं चहा ठेवतो," हळद पालथी करणारी त्याची बायको नर्मदाबाई म्हणाली.

वाळत्या हळदीत पायताण नेत नाहीत. चपला धावपट्टीच्या टोकाशी ठेवून मी अनवाणीच पायऱ्या उतरलो.

दुसरे दार होते. मी म्हटले होते तसेच, समोरच्या भिंतीत. मात्र कोणी तरी ते दगडमातीने चिणून टाकले होते. मोबाईलच्या उजेडात मी त्याची चौकट न्याहाळत होतो, तोच वर ढग गडगडले आणि धावपळ सुरू झाली.

"वकीलसाहेब गेले व्हय?" वर सोनाजी विचारत होता.

"गेलेच असतील दुसरीकडून. दार हाय म्हणत होते," नर्मदाबाई म्हणाली.

पायऱ्यांच्या तोंडावर पत्रा सरकला. आभाळ आले की हळद खोलीच्या छताच्या याच उंचवट्यावर गोळा करून वर ताडपत्री ओढायची, ही त्यांची रीत मला ठाऊक होती. मी ओरडलो, परंतु पत्र्यावर हळदीची घमेली रिती होऊ लागली होती. पुढे मी पत्र्याला खांदा लावून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. मोबाईलला आत रेंज नव्हती. हवेसाठी छतात बसवलेली एक लोखंडी नळी तेवढी ढिगाबाहेर राहिली असावी. तिच्यातून पाणी ठिबकत होते. शिकाऊ मुलांना येथे सरावासाठी बसवत असतील, तेव्हा दोन्ही दारे उघडी असतील, असे मनात आले आणि श्वास आणखी जड झाला.

बऱ्याच वेळाने नळीतून सोनाजीचा आवाज आला.

"वकीलसाहेब, तुमच्या चपला हितंच हायेत. तुमी कुठं हाव?"

"खाली."

"मंग दुसऱ्या दारानं निघा की."

"दार आहे. बुजवलेले आहे."

"आमच्या बापानं बुजवलं असंल. शेळ्या पडायच्या."

"आता ताडपत्री काढली तर समदी हळद काळी पडंल," नर्मदाबाई हलक्या आवाजात त्याला म्हणाली. मला ऐकू जावे असा तिचा हेतू नव्हता. नळीने ते खाली आणले.

"काढू का, साहेब? दम कोंडून राहिला का?"

दम कोंडत होता. त्या ढिगात त्यांचे सारे वर्ष होते. त्याने विचारले होते, आणि मी हो म्हटले असते तर त्याने ताडपत्री काढली असती. माझ्या तोंडून होकार निघू शकला नाही, ही खरी कोंडी.

"पाऊस थांबू दे," मी म्हणालो. "तू मात्र नळीपाशी थांब."

"हाय की. बोलत राहा. टाकीच हाय ना?"

"निवाराच आहे," मी म्हणालो आणि नळीखाली तोंड नेले. वर पावसाचा जोर वाढत होता.