खडी गाडी

आमच्या माळाला कुणी वाळवंट म्हटलं की मला राग येतो. वाळवंटाला निदान वाळू असते. मेहकरच्या पुढं, बीबी गावापासून आत गेलं की मुरमाचा एक उघडा चढ लागतो, त्यावर आमच्या टिनाच्या दोन खोल्या आहेत. कुसळं आणि दगड सोडले तर तिथं तिसरं काही उगवत नाही. उन्हाळ्यात टिनं अशी तापतात की भिंतीला पाठ टेकवत नाही. पाणी टँकरचं, वीज कधी येते कधी जाते, आणि वारा मात्र फुकट आणि भरपूर.

असल्या जागी माणूस मुद्दाम राहायला येतो का? आम्ही आलो. माझे यजमान उकंडराव यांनी उभी हयात खामगावात एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या गॅरेजात काढली. काम सुटल्यावर त्यांनी मालकाकडून भंगारात निघालेली एक बस घेतली, सीटा उपटल्या, आत पलंग, ओटा, न्हाणी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि मला म्हणाले, "जयमाला, आता आपन फिरत राहू. गाडी हेच घर." ती उभी करायला जागा पाहिजे म्हणून हा माळ घेतला. ती तयार होईपर्यंत डोकं टेकायला म्हणून या खोल्या बांधल्या. पोटी लेकरू नाही, मागे ओढणारं कुणी नाही, म्हणून मीही हुरळले. त्यानंतर आमची सगळी फिरती खोलीतून बसमध्ये आणि बसमधून खोलीत, एवढीच झाली.

याला कारण त्यांची गॅरेजातली सवय. तिथं कोपऱ्यात एक गाडी कायमची उभी असते, तिला खडी गाडी म्हणतात. चालत्या गाडीचं काही गेलं की खडीचं काढून तिला लावायचं आणि धंदा चालू ठेवायचा. उकंडरावांच्या हाडात हीच रीत मुरलेली. तिथं एका खडीच्या जिवावर बाकीच्या दहा धावायच्या. आमच्याकडे होत्या दोनच वस्तू, एक घर आणि एक बस. त्यातली खडी कोणती, हे काही त्यांचं ठरेना.

वावधन सुटलं, त्या वादळानं खोलीची खिडकी फुटली, बसची काच काढून लावली. मग बसच्या खिडकीला काही पाहिजे म्हणून घरच्या न्हाणीचं फायबरचं दार कापून तिथं ठोकलं. इन्व्हर्टरची बॅटरी गेली म्हणून बसची बॅटरी घरात आली. टिनाखाली लावायला म्हणून बसच्या गादीतला फोम गेला. उन्हानं टाकीचा प्लॅस्टिकचा पाइप पापडासारखा तडकायचा, तिथं त्यांनी बसच्या रेडिएटरचा रबरी पाइप बसवला. तो काही तडकला नाही. एकीचं सोडून दुसरीला नेसवायचं, आणि दोघी उघड्याच्या उघड्या.

"अवो, एक काय ते ठरवा," मी ओरडायचे. "घर खडं का गाडी खडी?"

"दोनी चालतीन. दम धर."

दम धरून धरून माझाच दम निघाला होता. तरीही हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण यंदा माझ्या बहिणीचा प्रश्न आला आणि हसणं सरलं.

रुक्मिणीताई माझी एकुलती एक थोरली बहीण. आम्हाला भाऊ नाही, आईबाप केव्हाच गेले. ती खामगावात, नवरा गेल्यापासून त्याच्या पुतण्याकडे, गोकुळकडे. पावसाळ्यात पडली आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणावर. बसता म्हणून येत नाही, नुसतं आडवं. गोकुळ वाईट नाही. पण त्याला जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं, आणि आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की कामाला हात घालायचा होता. तोवर सगळे भाड्याच्या खोलीत जाणार. त्यात ताईची खाट कुठं मांडणार?

होळीच्या सुमारास मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "जया, मले तुह्या घरी ने. परक्याच्या खोलीत माहा जीव जाणार नाई वं, अटकून राह्यन. तुहं घर तेच माहं माहेर."

ॲम्बुलन्स करू म्हटलं तर तिनं डोळे गच्च मिटले. शेजारची बाई तसल्या गाडीत गेली ती परत आलीच नव्हती. मी तिला शब्द दिला. आखजीला लेकी माहेरी येतात. त्या दिवशी मी तुला आमच्या गाडीत पलंगावर निजवून नेईन. असा शब्द देताना आपल्या दारात काय उभं आहे याचा माणसानं विचार करावा, पण ती असं धरून बसली होती की माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नसतं.

घरी येऊन उकंडरावांना सांगितलं. ते खुलले. आपल्या आकडसासूसाठी गाडी निघणार म्हणून त्यांनी नवं जॅकेट घातल्यासारखी गॅरेजातली मळकी डांगरी चढवली आणि बसखाली शिरले. त्यांचे हात हल्ली थरथरतात. एक नट लावायचा तर दोनदा पडतो, पडला की मुरमात शोधत बसायचं. मी टॉर्च धरायची, पाणी द्यायचं आणि तोंड सुटू न देता उभं राहायचं. त्यातलं शेवटचं मला जमलं नाही.

गाडीही पाहिजे होती आणि ताईला ठेवायला एक थंड खोलीही. दोन्ही एकाच वेळी. बॅटरी आणि फोम परत बसमध्ये गेले. खोलीच्या टिनावर आम्ही तुराट्या अंथरल्या, त्यावर चुन्याचा हात दिला, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. संध्याकाळी कूलर चालू केला आणि पहिल्यांदा त्या खोलीत अंगावर शहारा आला. मी त्या वाऱ्यात उभी राहून रडले. वाटलं, होईल. ताईचं शेवटचं सुखाचं होईल.

राहिला तो रेडिएटरचा पाइप. चांगला तो एकच, आणि तो टाकीला होता. तो काढला तर टाकीतून कूलरला पाणी जाणार नाही. नाही काढला तर बसला पेटीत पडलेल्या एका जुन्या पाइपवर भागवावं लागणार. त्या जुन्याला भेग होती, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी त्यातूनच फिरायचं.

"गावातून नवा आणा ना," मी म्हटलं.

"या मॉडेलचा कुठीच भेटत नाई. दोन जागी पाह्यलं." त्यांनी भेगेवर ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधल्या, वरून तार पिळली. "एका दिवसाचं तर काम हाये. गॅरेजात अशा पट्टीवर गाड्या नागपूरले पाठवल्या म्या. घरचा पाइप नको काढायले, ताईले आल्या आल्या कूलर लागन."

मला पटलं. ते खरंच पटण्यासारखं होतं.

आखजीच्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. सगळा उतार, सकाळचा गारवा, बस सुतासारखी सरळ चालली. उकंडराव स्टिअरिंगवर गुणगुणत होते. त्यांना इतकं खुशीत मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. ऊन चढायच्या आत ताईला घेऊन परत घाट चढायचा, असं ठरलं होतं.

गोकुळच्या दारात पोचलो तर ताई तयार होती. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. पण उचलायला गेलो तर म्हणाली, "थांबा. आज आखजी. माह्या मालकाची घागर भरल्याबिगर मी कशी निघू?"

आखजीला गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात, त्यांचं पान वाढतात, आणि ते झाल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही की घर सोडत नाही. गोकुळच्या बायकोचं पुरण अजून चुलीवर होतं. मी घड्याळाकडे बघत होते, उकंडराव उन्हाकडे. मी म्हटलं, "ताई, आमच्या घरी भरू घागर."

"तुह्या घरी तुह्या माणसांची भरन. माह्या मालकाची इथंच भरा लागते. मी चालली, आता इथं कोन भरन?"

त्या घरातली तिची ती शेवटची घागर होती. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या, पान वाढलं. पडल्या पडल्या ताईनं हात जोडले. मग आम्हालाही बसवलं, कारण घागरीच्या दिवशी कुणाला उपाशी लावत नाहीत. चादरीचे कोपरे धरून चौघांनी तिला बसमध्ये चढवलं तेव्हा दुपार ऐन भरात आली होती.

पलंगावर निजल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओटा, भांड्यांची फळी, खिडकीचा पडदा. "लय ग्वाड केलं वं," म्हणाली. उकंडरावांनी आरशातून पाहिलं आणि लाजले.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या चढाला इंजिन ओरडू लागलं आणि मग समोरून वाफ उसळली. पट्टी सुटली होती. उकंडरावांनी गाडी कडेला घेतली. झाड नाही, टपरी नाही, फोनला रेंज नाही. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला जळालेलं गवत.

त्यांनी पट्टी पुन्हा बांधली, सोबतच्या कॅनचं पाणी रेडिएटरात ओतलं. गाडी थोडी चढली आणि पुन्हा वाफ. पुन्हा बांधली, दुसरा कॅन. पुन्हा तेच. टपावरच्या टाकीला हात लावला तर ती तळाला गेली होती. सकाळच्या हादऱ्यांत कुठंतरी झिरपली असावी. एक मोटारसायकलवाला थांबला. मागच्या गावातून पाणी आणतो म्हणून गेला. तो येतो की नाही, कुणाला ठाऊक.

आत भट्टी झाली होती. मी ओला पदर ताईच्या कपाळावर ठेवत होते, तो ठेवेस्तोवर वाळत होता. आधी तिला घाम येत होता. मग तो थांबला. ते काही चांगलं लक्षण नाही एवढं मला कळत होतं.

उकंडराव दारात आले. हात कोपरापर्यंत भाजलेले, डोळे लाल. "जयमाला, प्यायचा कॅन दे. एवढा ओतला का चढ संपते. पुढं उतार हाये."

"अन् हिच्या तोंडात काय घालू?"

"गाडी निघाली तरच तिले सावली भेटन. इथं ठेवून का करतं?"

मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या गाडीनं माझं आयुष्य पिऊन टाकलं, आता बहिणीच्या तोंडचं पाणीही तिलाच पाजा, असं बोलले. कॅनसाठी पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला नाही. मी एक तांब्या काढून घेतला आणि कॅन त्यांच्या अंगावर ढकलला. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला इतका संताप आला होता.

ते खाली शिरले. पान्ह्याचा आवाज येत होता, मधूनच नट पडल्याचा, मग शिवीचा. मी चमच्यानं ताईच्या ओठांवर पाणी सोडलं. निम्मं ओघळलं.

तिनं डोळे उघडले. "गाडी थांबली?"

"हो."

"घर आलं का वं, जया?"

आमचं घर तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर ओटा होता, फळी होती, पडदा होता.

"आलं, ताई," मी म्हटलं. "आलं घर."

"मले वाटलंच," ती म्हणाली. "गार वाटून राह्यलं."

पत्र्याला हात लावला तर फोड येईल अशी ती दुपार. मी तिचा हात दोन्ही हातांत धरला. श्वास लांबला, मध्ये बराच वेळ आलाच नाही, मग एकदा आला. पुढच्याची मी वाट पाहत राहिले.

"जयमाला! चावी मार!" खालून आवाज आला.

मी उठले. पाय चालत होते, एवढंच म्हणेन. पुढं जाऊन चावी फिरवली. बस सुरू झाली. एकदम, साफ, काही न कुरकुरता. उकंडराव धुळीत माखलेले वर आले आणि हसत होते. कितीतरी वर्षांनी कुणाचं काम हातून झालं म्हणून लहान लेकरासारखे हसत होते. "पाह्यलं? बसली पट्टी! आता दिवस मावळाच्या आत ताई खोलीत. ताई, ऐकू आलं का?"

मी मध्ये उभी राहिले. "हळू चालवा आता," म्हटलं. "घाई नाही राह्यली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. हसणं चेहऱ्यावरून उतरायला फार वेळ लागला. ते पलंगाशी गेले आणि हात पॅन्टला पुसत उभे राहिले, पण इतके काळे हात तिच्या पायाला कसे लावावेत हे त्यांना कळेना. मला वाटलं, थोडं बसावं. इंजिन बंद करून, तिच्याजवळ दोघांनी बसावं, मोठ्यानं रडावं. मी तसं म्हणालेसुद्धा.

"बंद नाई करता येत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "केली अन् पुन्हा लागली नाई तर?"

तेव्हा रडणंही राहिलं. ते पुढं जाऊन बसले. मी खाली फरशीवर बसून पलंगाला दंड लावला, वळणावर तिचं डोकं हलू नये म्हणून. घाट संपला, जानेफळ गेलं, मेहकर गेलं. पट्टी सुटली नाही, वाफ आली नाही, इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला नाही. ती मेली बस घरापर्यंत कुठं म्हणून थांबली नाही.