घड्याने सांधलेलं राज्य

मित्रांनो, मी एक जुना घडा आहे. खोटा आहे, पण जुना आहे. ‘धुक्यातलं राज्य’ नावाच्या व्हिडिओ गेमचे आजवर सहा भाग निघाले आणि सहाही भागांत मी एका घराच्या दाराशी, डाव्या हाताला उभा आहे. तुम्ही त्या राज्यातले शूर वीर असता. हातात तलवार असते, जगाचा भार खांद्यावर असतो, डोंगरापलीकडे राक्षस ताटकळत असतो. तरीही तुम्ही आधी माझ्याकडे येता, मला फोडता आणि आतलं नाणं उचलून चालू लागता. मला याचं वाईट वाटत नाही. तुम्ही वळणापलीकडे जाऊन परत आलात की मी पुन्हा अखंड असतो. असं नशीब किती जणांच्या वाट्याला येतं?

माझा जन्म मावशीच्या टेबलावर झाला. गेमची सगळी चित्रं ती काढायची. ती नक्की कुणाची मावशी हे त्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मालकीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. खरा घडा घडवायला कुंभाराला माती तुडवावी लागते, चाक फिरवावं लागतं, भट्टी लावावी लागते. मावशीने एक जांभई दिली आणि मला काढून ती मोकळी झाली. गोल पोट, गळ्याखाली तीन निळे पट्टे आणि पोटावर नाकाच्या आकाराचा एक तपकिरी ठिपका. हा ठिपका कशासाठी, असं कुणीतरी विचारलं.

“पडला,” मावशी म्हणाली.

पुढे पहिला भाग बाजारात जायच्या गडबडीत तिचं कोपर पेनला लागलं आणि माझ्या पोटावर एक बारीक चीर उमटली. “राहू दे, शोभतेय,” ती म्हणाली. जिने मला व्यंगासकट पोटाशी धरलं, तिचा मी आजन्म ऋणी आहे.

मग भाग निघत गेले. प्रत्येक वेळी आधीच्या भागातून मला उचलायचं आणि नव्यात ठेवायचं, अशी तिथली रीत. घर बदलताना जशी भांडी पोचे खातात तसंच माझं झालं. दुसऱ्या भागात शेळ्या फार झाल्या, जागा पुरेना, म्हणून माझा एक पट्टा काढून घेतला. एका पट्ट्याच्या जागेत एक शेळी बसते, असं मला सांगण्यात आलं. तिसऱ्या भागात मला आधी लहान आणि मग पुन्हा मोठं केलं, त्यात काठाचा टवका उडाला. पाचव्यात टवका वाढला. सहाव्यात मी एका बाजूला कललो. चौथ्या भागाचं मुद्दाम मागे ठेवलं आहे. खरी गोम तिथेच आहे.

या काळात वीराचे पुतळे झाले. राक्षसाच्या चपला निघाल्या आणि त्या हातोहात खपल्या. माझी मात्र कुणी साधी किल्लीला अडकवायची साखळीही काढली नाही. असो. नाणं पोटात ठेवायचं आणि वेळेवर फुटायचं, हे माझं काम मी चोख केलं.

आता राज्याचं दुखणं सांगतो. तिसऱ्या भागात म्हातारा राजा मरतो. सगळी प्रजा धाय मोकलून रडते. चौथ्या भागात तोच राजा काळ्याभोर केसांनी स्वतःच्या लग्नाच्या धावपळीत असतो. हनुवटीवरची चामखीळसुद्धा तीच. याचं कारण अगदी साधं होतं. चौथा भाग लिहिणाऱ्या गृहस्थांनी तिसरा भाग खेळलाच नव्हता. पण हे खेळणाऱ्यांना कुठे माहीत? एक गट म्हणे, राजा मेलाच नव्हता, जरा पडला होता. दुसरा गट म्हणे, हा त्याचा जुळा भाऊ. दोन्ही गटांचं बोलणं बंद झालं. तिसऱ्यानंतर चौथा, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. एका घरात तर नवरा पडलेल्यांच्या गटात आणि बायको जुळ्यांच्या. आमटी वाढ हा निरोपसुद्धा मुलांच्या हाती जायचा.

शेवटी सहाही भागांची संगती लावायला कंपनीने एक तरुण नेमला. सगळे त्याला धागेदादा म्हणत. लहानपणी तो बरेच दिवस तापाने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याची ताई उशाशी बसून त्याला पहिला भाग खेळून दाखवायची. त्याला शाळेच्या भूगोलापेक्षा आमच्या नद्या जास्त पाठ होत्या. नोकरी मिळाली तेव्हा तो आईच्या पाया पडला आणि मग संगणकाच्याही.

पण धागा काही जुळेना. राजाला जिवंत मानावं तर तिसरा भाग खोटा पडे, मेलेला मानावं तर चौथा. धागेदादाचे केस गळू लागले. तेव्हा मालकीणबाईंनी त्याला समोर बसवलं.

“राजाचं काय झालं?”

“बघतोय, बाई.”

“वर्षभर बघतोयस. शुक्रवारपर्यंत सांग. नाहीतर जुनं राज्य बंद. सातवा भाग कोऱ्या पाटीवर सुरू करू. नवा देश, नवा राजा, सगळं नवं.”

“आणि जुनं?”

“पुसायचं. जागा अडवतंय.”

मित्रांनो, पडद्याच्या आतून आम्हाला बाहेरचं सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. गेम खेळताना तुमचं तोंड उघडं असतं, तेही दिसतं. त्या दिवशी मला धागेदादाचा चेहरा दिसला. फुटायची मला सवय होती. पुसलं जायची नव्हती. फुटलेला परत येतो.

गुरुवारी तोडफोडताई कामाला बसली. गेममध्ये जे जे मोडता येतं ते मोडून बघायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिला पगार मिळतो, याचं तिच्या सासूला अजून आश्चर्य वाटतं. जुने भाग पुसण्याआधी एकदा चालवून बघावेत म्हणून तिने सहा पडदे शेजारी शेजारी मांडले. सहाही पडद्यांवर वीर माझ्यासमोर तलवार उगारून उभा. तिने खेळ थांबवला. या पडद्यावरून त्या पडद्यावर नजर फिरवली.

“धागेदादा, इकडे ये जरा.”

“मला वेळ नाही. उद्या शुक्रवार आहे.”

“तुझा राजा ठेव बाजूला. हे मडकं बघ.”

“ताई, माझी नोकरी चाललीय आणि तू मला मडकं दाखवतेस?”

“अरे, सगळीकडे तेच आहे. हा नाकासारखा ठिपका बघ. पहिल्यात चीर आहे. दुसऱ्यात चीर आहे आणि एक पट्टा गेलाय. तिसऱ्यात काठ फुटलाय. आता चौथ्यात बघ.”

धागेदादाने पाहिलं. चौथ्या भागात मी नवाकोरा होतो. तीन पट्टे, धड काठ, पोटावर ओरखडासुद्धा नाही.

“चीर नाही,” तो हळूच म्हणाला.

“चिरलेलं मडकं आपोआप सांधतं का कधी?”

“नाही.”

“मग चौथा भाग पहिल्याच्याही आधी घडलाय. तुझा राजा मेला नाही की पडला नाही. पोरगा आहे अजून. त्याचं लग्न व्हायचंय. मरेल सावकाश.”

धागेदादा खुर्चीवर बसायला गेला, पण खुर्ची तिथे नव्हती. जमिनीवर बसूनच त्याने मावशीला हाक मारून चौथ्यातलं मडकं दाखवलं.

“ते होय?” मावशी म्हणाली. “चौथ्याच्या वेळी संगणक सांभाळणारा तो आपला शहाणा माझ्या चित्रांच्या फोल्डरला कुलूप घालून रजेवर गेला. मग मी घरातल्या डिस्कवरचं दिलं ठेवून. कोपर लागायच्या आधीचं. पाचव्याला कुलूप निघालं, मग पुन्हा ते चिरलेलंच.”

“म्हणजे मुद्दाम नाही?”

“मुद्दाम कशाला? मला वाटलं, मडक्याकडे कोण बघतंय!”

चूक असो वा नसो, ती बसत होती. धागेदादाने चौथा भाग उचलून सगळ्यांच्या आधी ठेवला आणि राज्य कुलपासारखं खट्कन लागलं. चौथ्यात गवंडी बांधत असलेला पूल पहिल्यात जुना होऊन पडलेला होता. राजवाड्यातलं रोप पुढे वटवृक्षाएवढं झालं होतं. सगळं जुळलं, एक शेळी सोडून. त्या शेळीवर अजून विचार चालू आहे.

शुक्रवारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मावशीच्या कोपरासकट सगळं धागेदादाने खरं सांगितलं. बाई पडद्याजवळ येऊन मला निरखू लागल्या.

“म्हणजे आपलं अख्खं राज्य एका मडक्यावर उभं आहे?”

“मडक्याला टेकून, बाई.”

“ठेवा,” त्या म्हणाल्या. “काही पुसू नका. आणि सातव्या भागात याला मानाने ठेवा. काचेच्या पेटीत. फुटता कामा नये.”

माझ्या पोटात गोळा आला. तिथे आधीच नाणं होतं. पण तोडफोडताई उठून उभी राहिली.

“बाई, न फुटणाऱ्या मडक्याला फुलदाणी म्हणतात.”

बाईंनी मान डोलावली आणि माझी पेटी रद्द झाली. पडलेले आणि जुळे दोघेही हरले, त्यामुळे त्या घरातले नवरा-बायको पुन्हा बोलू लागले, आणि पहिलं भांडण शेळीवरून झालं.

सातवा भाग निघाला त्या दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन पडद्यासमोर बसली. मुलीने वीराला धाडधाड डोंगराच्या दिशेने पळवलं.

“थांब गं,” आई म्हणाली. “कुठे निघालीस? आधी ते मडकं फोड.”

“का?”

आईने जरा विचार केला. पहिला भाग ती बहुधा या मुलीच्याच वयात खेळली असावी.

“आपल्यात तसंच असतं,” ती म्हणाली.

मुलीने मला फोडलं. मित्रांनो, इतकं छान मी आजवर कधी फुटलो नव्हतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तू जागा अडवतात, हे खरं आहे. पण पुसायच्या आधी त्यांच्याकडे एकदा नीट बघा, आणि शेजारच्यालाही हाक मारून बघायला सांगा. तुम्ही मला इतकी वर्षं फोडलंत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. नाणं आत आहे. या.