शेजारणीचा श्वास

"शेजारणीचा श्वास ऐकत जा," आमचा गायनवृंद चालवणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच तालमीला बजावलं होतं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. घरी आठ महिन्यांच्या लेकीच्या नाकाशी दिवसातून दहादा बोट धरणाऱ्या मला आणखी एका श्वासाची राखण नको होती.

आम्ही वाद्यांशिवाय गातो. त्या वर्षी ब्रुकनरची रचना घेतली होती. हा संगीतकार मुळात ऑर्गन, म्हणजे भात्याच्या हवेवर चालणारं वाद्य वाजवणारा. त्याच्या ओळी संपता संपत नाहीत. "त्याला वाटलं, आपल्याही छातीत भाता बसवलाय," बाई म्हणायच्या. उपाय एकच, आळीपाळीने श्वास चोरायचा. एक घेते तेव्हा शेजारीण सूर धरून ठेवते. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

वृंदातली माझी शेजारीण म्हणजे शिवणकाम करणारी मावशी. एकटीच राहते. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना मलाच दम लागायला लागला, तेव्हा कुठे मी कान दिला. मावशी एका ओळीत चारदा श्वास घेत होती, आणि मधली सगळी ओळ मी एकटी ओढत होते. त्या श्वासातली बारीक घरघर माझ्या ओळखीची होती. लेकीची छाती भरली होती तेव्हा मी ती तीन दिवस ऐकली होती.

मध्यंतरात मी तिला गाठलं.

"मावशी, ओळीत चारदा झालं."

"तू गायला येतेस की मोजायला?"

"डॉक्टरकडे चला."

"कार्यक्रम होऊ दे. आत्ता गेले तर बाई मला समोर बसवतील, टाळ्या वाजवायला."

"मग मीही गात नाही. बघू तुमच्या वाटचं कोण ओढतंय."

"धमकी देतेस होय गं?"

"हो."

तिची गाण्याची वही मी माझ्या पिशवीत टाकली आणि चपला तिच्या पायांपुढे सरकवल्या. ती वाटभर माझ्या नावाने बोटं मोडत होती. डॉक्टरांनी तपासलं, फुफ्फुसांत पाणी झालं होतं. तिला त्याच संध्याकाळी दाखल करून घेतलं.

कार्यक्रम तिच्याविना झाला. ती लांब ओळ मी तिच्या रिकाम्या जागेकडे बघत, न तोडता पार नेली. दोन महिन्यांनी ती परत आली. आता खुर्चीवर बसून गाते, ओळीत दोनदाच श्वास घेऊन. मी अजून मोजते.

तुम्ही कुठे चारचौघींत गात असाल, तर आज शेजारणीकडे कान द्या. धाप लागलेली वाटली तर विचारा. "काही नाही गं" म्हणाली, तर तिथून हलू नका.