साहेबाच्या तुऱ्यावरची खपली

मलमकाकांनी तीस वर्षं एका त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. खरूज, इसब, नायटा, गजकर्ण, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. पुढे पुढे तर रोगी डॉक्टरांच्या आधी त्यांनाच हात दाखवायचे. मलमकाका हे नावही तेव्हाच पडलं.

त्यांची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. घरामागच्या अंगणात तिच्या पाच कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजून टाकायचा, म्हणून तो साहेब. यजमान गेल्यावर घरात मोठा आवाज तेवढा त्याचाच उरला होता. सकाळी तो आरवला की अक्का त्याला म्हणायची, उठले हो, उठले.

एका रविवारी तिने भावाला साहेबाचा तुरा दाखवला. त्यावर पांढुरके ठिपके आले होते, पीठ उडाल्यासारखे. काकांनी चष्मा पुसला, भिंग लावून पाहिलं आणि नायटा आहे म्हणून सांगून टाकलं. जनावरांच्या डॉक्टरला बोलवू या का, असं अक्काने विचारलं. उगाच काट्याचा नायटा करू नकोस, असं काका म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण नायटा तर तेच म्हणत होते. संध्याकाळी त्यांनी मलम आणून लावलं.

आठ दिवसांनी ठिपक्यांचे फोड झाले होते. तुऱ्यावर, चोचीखालच्या लोंबत्या मांसावर, डाव्या पापणीच्या कडेला, आणि त्यांवर काळ्या खपल्या. अक्काने पुन्हा डॉक्टरचा विषय काढला. खपलीखाली औषध पोचत नाही, एवढंच आहे, असं काकांनी समजावलं. कोमट पाण्यात फडकं भिजवून त्यांनी एकेक खपली मऊ केली आणि नखाने अलगद काढली. साहेब अक्काच्या मांडीवर निमूट बसून होता. रक्त आलं ते त्यांनी टिपलं. एका कोंबडीच्या तुऱ्यावरही ठिपका दिसत होता. मग त्याच फडक्याने त्यांनी पाचही कोंबड्यांचे तुरे पुसले, खबरदारी म्हणून.

पुढच्या आठवड्यात साहेबाचे दोन्ही डोळे सुजून मिटले. दाण्याच्या वाटीशेजारी उभा राहून तो भलतीकडेच चोच मारू लागला. तेव्हा अक्काने भावाला न विचारता डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाई तरुण होत्या. त्यांनी खुराड्यात एकदाच वाकून पाहिलं आणि हा कोंबड्यांचा देवीरोग आहे म्हणाल्या. डासांनी येतो, खपल्यांमधून पसरतो. मग विचारलं, "खपल्या कुणी काढल्या?"

"मी," काका म्हणाले.

साहेबाची चोच उघडून बाईंनी घशातला पिवळा थर दाखवला. यावर औषध नाही. डोळे धुवा, पातळ खाणं भरवा, आणि वाट पाहा. लस असते, पण ती निरोगी कोंबड्यांना, आधी टोचायची. आता पाचही कोंबड्यांच्या तुऱ्यांवर फोड होते.

काका त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. तिथे त्यांनी विचारलं, "पहिल्याच दिवशी तुम्हाला बोलावलं असतं तर?"

"कोंबड्याचं काय झालं असतं, ते सांगता येत नाही. कोंबड्यांना एवढी लागण झाली नसती."

त्यानंतर काका रोज यायचे, सकाळ-संध्याकाळ. भिजवलेल्या भरडीचे थेंब चमच्याने साहेबाच्या चोचीत सोडायचे. त्यातले अर्धे बाहेर यायचे. श्वास घेताना त्याच्या घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. एकदा काकांनी चिमटा उकळून आणला. तो थर उचलता येईल असं त्यांना वाटत होतं. चोच उघडून बराच वेळ ते नुसतं आत बघत राहिले, मग चिमटा परत खिशात ठेवला. अक्काने ते पाहिलं. तिने एकदा जरी बोल लावला असता तरी काकांना बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी साहेब खुराड्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडलेला सापडला. त्याच आठवड्यात दोन कोंबड्या गेल्या. उरलेल्या तिघींना कुणी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. महिन्याभरात त्यांच्या खपल्या वाळून आपोआप गळून पडल्या.

काका रविवारी येत राहिले, पण अंगणात जाईनात. एकदा अक्का एक कोंबडी काखेत घेऊनच बाहेरच्या खोलीत आली. तिच्या तुऱ्यावर खपली पडलेल्या जागी फिकट डाग राहिला होता. हा असाच राहायचा का, असं तिने विचारलं.

काकांनी चष्मा लावला, तुऱ्याकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही. "मला नाही सांगता येत, अक्का."

"मग नको सांगूस," ती म्हणाली. "बस जरा. चहा टाकते." कोंबडीला खाली सोडून ती स्वयंपाकघरात गेली, आणि कोंबडी काकांच्या पायांपाशी फरशी टोचत राहिली.