मला धुऊ नका

मी एक जुना निळा ड्रम आहे आणि मला वास येतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मित्रांनो, इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात, हात जोडतात. मला हातही नाहीत आणि रडायची सवयही नाही. मी शाळेच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा आहे आणि इथून हलणार नाही. का हलणार नाही, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात फुगवलं आणि मी बाहेर आलो, तसे माझे सगळे भाऊही आले, एकाच तोंडवळ्याचे. ही शाळा बांधणाऱ्या गवंड्यांनी मला विकत घेतलं. विटा भिजवायला पाणी माझ्यातलं, भिंतींवर मारायला पाणी माझ्यातलं, संध्याकाळी हातपाय धुवायलाही माझ्यातलंच. "ड्रम भरला का रे?" ही सकाळची पहिली हाक असायची. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

बांधकाम संपलं त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फुटक्या फरश्या, असं सगळं उरलंसुरलं गवंड्यांनी मागच्या मोकळ्या जागेत पसरलं आणि वरून मातीचा पातळ थर दिला. वरून बघाल तर काय सुरेख मैदान, आणि आत नुसता राडारोडा. त्या गडबडीत एक फावडं माझ्या बुडाला लागलं आणि चीर पडली. पाणी राहीना. मग काय, त्यांची गाडी सामान भरून निघून गेली आणि मी इथेच राहिलो. एकानेही वळून पाहिलं नाही हो!

पुढची वर्षं विचारू नका. मुलं मला स्टंप समजून माझ्यावर चेंडू मारायची. शिपाईमामा माझ्यात खराटे उभे करून ठेवायचे. एका मांजरीने माझ्यात पिल्लं घातली, तेवढीच काय ती सोबत झाली.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आहेत. एका सुट्टीत त्या शिक्षकांच्या शिबिराला गेल्या. शाळांना बागेचं साहित्य पुरवणारी एक संस्था आहे, ती हे शिबिर भरवते. शाळेत बाग कशी करायची ते शिक्षकांना शिकवते आणि मग खुरपी, झाऱ्या, बियाणं पाठवते. बाई परत आल्या त्या नखांत माती घेऊनच. तेव्हापासून मुलं त्यांना 'बागेच्या बाई' म्हणू लागली. साहित्याची पेटीही आली. पण आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती लाल मुठीची खुरपी आणि हिरव्या झाऱ्या आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ओळीने मांडून ठेवल्या.

"मुलं घाण करतील हो. किती सुंदर दिसतायत!" असं म्हणून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली.

मोठ्या बाई दुष्ट नाहीत, बरं का. त्यांना स्वच्छतेचं वेड आहे. खिडकीच्या गजावरून बोट फिरवून त्या धूळ बघतात आणि सापडली की मामांकडे बघतात. बागेच्या बाईंना त्यांनी मागची जागा दिली, पण अट घालून दिली. गणिताच्या सरांना तिथे फरशी घालून हवी होती, कारण त्यांची नवी स्कूटर उन्हात तापायची आणि इथे दुपारी भिंतीची सावली पडायची.

"संस्थेची माणसं बाग बघायला येणार आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांना पसंत पडली तर जागा तुमची. नाही पडली तर फरशी. मग माझ्याकडे परत येऊ नका."

"नाही येणार," बाई म्हणाल्या.

साहित्य कुलपात होतं, म्हणून मुलांनी घरून जुने चमचे आणि मोडके कलथे आणले. खणलं, बी पेरलं, पाणी घातलं. चार हिरवे कोंब आले आणि पिवळे पडून मेले. अरे, खाली विटा आहेत, विटा! मी घसा फोडून सांगत होतो. पण ड्रमचं ऐकतो कोण? शेवटी एका मुलीचा चमचाच वाकला, तेव्हा बाईंनी हाताने उकरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

या मुलीला सगळे 'शंकासुर' म्हणतात, कारण तिच्या शंका संपतच नाहीत. "बाई, इथे माती नाहीच. मग माती आणतात कुठून?"

"आणायची कशाला? आपणच करू," बाई म्हणाल्या आणि थेट माझ्याकडे पाहू लागल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या तापलेली सळई घेऊन आल्या, तेव्हा मात्र मी जरा घाबरलोच. माझ्या अंगाला भोकं पडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या भोकांतून वारा आत आला तेव्हा पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग मला खायला मिळू लागलं. एक थर ओला, एक थर सुका. भाज्यांच्या साली, फळांची टरफलं, चहाचा चोथा आणि वर वाळकी पानं. पहिल्या दिवसांत मुलांनी प्रेमाने इतकं पाणी ओतलं की मी कुजलो आणि सगळ्या शाळेत बोंब झाली. बाईंनी वाळका पाला वाढवला, मला ढवळलं, दोन दिवसांत पोट ताळ्यावर आलं. एकदा गणिताच्या सरांनी माझ्यात बिस्किटाचा पुडा टाकला, रिकामा. शंकासुराने तो काढला, झटकला आणि भर तासाला सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "सर, हे त्याला पचत नाही." वर्ग असा हसला की मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

हळूहळू मी आतून तापू लागलो. थंडीत मुलं शाळा भरण्याआधी माझ्याभोवती जमायची, माझ्या अंगाला गाल लावायची. मग निवलो, आणि बुडाच्या चिरेतून गांडुळं वर आली. ज्या चिरेपायी मला टाकून दिलं होतं, तीच त्यांचा दरवाजा झाली. माझ्यातून काळी, भुसभुशीत माती निघाली, पावसाळी वासाची. बाईंनी ती वाफ्यांत भरली आणि घेवडा भिंतीवर चढला, टोमॅटोला फुलं आली. मी पुन्हा भरलो होतो, उरलेल्या वाफ्यांची माती अर्धी तयार होती. काय शान होती माझी! बांधकामाच्या वेळीही नव्हती इतकी.

पाहुणे उद्या येणार, आणि नेमक्या बागेच्या बाई शिबिराच्या दुसऱ्या भागासाठी परगावी. मोठ्या बाई आपल्या सवयीने पाहणी करत मागे आल्या. नाकाला रुमाल लावून त्यांनी माझं झाकण उचललं आणि किंचाळल्या.

"अगं बाई! हे किडे? मामा, उद्या पाहुणे येणार आणि हे असं? आधी हा ड्रम स्वच्छ करा."

"आतलं काढून टाकू?"

"काढू नका, ती बाईंची मेहनत आहे. स्वच्छ करा, एवढंच."

मामांनी फिनेल आणलं. मित्रांनो, सबंध डबा! वरून ओतलं, काठीने ढवळलं, बाहेरून काथ्याने घासलं. बादलीत थोडं उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून वाफ्यांत शिंपडलं. मी चकाकत होतो आणि माझ्या पोटात सगळं मरत होतं. ती गांडुळं चिरेकडे धावत होती आणि मला त्यांच्यासाठी काहीएक करता येत नव्हतं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

सकाळी संस्थेच्या ताई आल्या. घेवड्याने माना टाकल्या होत्या. ताईंनी माझं झाकण काढलं आणि झटक्याने मागे सरल्या. "हे काय घातलंत यात?"

"फिनेल!" मोठ्या बाई अभिमानाने म्हणाल्या. "बघा, एक किडा जिवंत नाही."

ताईंनी झाकण परत ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, काम किडेच तर करत होते."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. चारचौघांत चूक निघाली की माणूस एक तर शिकतं नाहीतर चिडतं. मोठ्या बाई चिडल्या. पाहुणे फाटकाबाहेर पडले नाहीत तोच त्यांनी फरशीवाल्याला फोन लावला. गणिताच्या सरांनी त्याच संध्याकाळी येऊन स्कूटरसाठी जागा पावलांनी मोजली. माझ्या पायाशी थांबून म्हणतात कसे, "हा आधी भंगारात द्या." भंगारात! मी?

बागेच्या बाई परत आल्या आणि वाफ्यांजवळ मटकन खाली बसल्या. मुलं भोवती जमली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मातकट हाताने पुसलं आणि तोंडभर माती झाली. मग उठल्या. "फरशीवाला यायला अजून वेळ आहे ना? मग रडायचं कशाला? ड्रम आडवा करा."

त्यांनी मला रिकामं केलं, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळलं, उन्हात पालथं घातलं. वाफ्यांवरची माती खरवडून टाकली. मग मुलांना सांगितलं, प्रत्येकाने घरून मूठभर जुनी माती आणा, कुंडीतली, झाडाखालची, कुठलीही, फक्त जिवंत असली पाहिजे. मुलांनी रुमालातून आणली, डब्यातून आणली. एकाने खिशातून आणली आणि घरी आईचा मार खाल्ला. पुन्हा थर लागले.

पण मी गारच. रोज सकाळी शंकासुर यायची, तळहात लावायची आणि विचारायची, "बाई, हा रुसलाय का?"

"रुसला नाही गं. दमलाय."

मी दमलोही नव्हतो आणि रुसलोही नव्हतो. मी हट्टाला पेटलो होतो. पाण्याला मुकलो, चेंडू सोसले, सळई सोसली, आणि आता एका डबाभर फिनेलपुढे हार मानू? छे! पण नुसत्या हट्टाने ऊब येत नाही, हेही मला कळत होतं. मुलं रोज वाढत होती ओला घास, सुका घास, आणि फरशीवाल्याचा दिवस जवळ येत होता.

तो आला. टेम्पोतून लाल-पिवळ्या फरश्या उतरल्या. सर हजर होते. मोठ्या बाई रुमाल घेऊन आल्या. आणि बघतात तर माझ्याभोवती सगळा वर्ग तळहात लावून उभा, मध्ये बागेच्या बाई.

"बाई, हे काय चाललंय? आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी जागा मागायला आलेले नाही. तुम्ही फक्त एकदा हात लावून बघा, मग खुशाल फरशी घाला."

"मोठ्या बाई, लावा ना," शंकासुर म्हणाली. "चावत नाही तो."

त्यांनी एक बोट लावलं, खिडकीच्या गजाला लावतात तसंच. मग दचकून सबंध तळहात टेकला. "गरम आहे! कुणी गरम पाणी ओतलं यात?"

"कुणीच नाही. आपणहून तापलाय. जिवंत झालाय ना आता."

झाकण उघडलं तशी वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसलाही नाही. बराच वेळ हात माझ्यावरच होता. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा... मी मारलं होतं हे सगळं?"

सर फरश्या मोजू लागले. शंकासुराने मात्र सरळ सांगितलं, "हो."

मोठ्या बाईंनी रुमाल घडी करून पर्समध्ये टाकला. फरशीवाल्याने हटकलं, "मॅडम, सुरुवात कुठून करू?"

"पुढच्या फाटकाजवळ. तिथेही भिंतीची सावली असते." सरांनी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "सर, चार पावलं जास्त चालावी लागतील. तब्येतीला बरं." मग त्यांनी जुडग्यातून एक छोटी किल्ली सोडवली आणि शंकासुराच्या हातावर ठेवली. "काचेचं कपाट. सगळं घेऊन ये." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "पण वास येतोच हं."

येतोच! येणारच! आता त्या लाल मुठींचा रंग उडालाय, झाऱ्यांना पोचे आलेत, घेवडा पुन्हा भिंतीवर आहे आणि माझ्या चिरेतून गांडुळं परत आली आहेत.

तर मित्रांनो, कहाणीच्या शेवटी माझी जपणूक करा, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणायला हवं. नाही म्हणणार. तुमच्या शाळेच्या मागे माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याला चकाचक करू नका. त्याच्या पोटात हात घाला आणि बघा कोण काम करतंय ते. धुवायचंच असेल, तर नंतर आपले हात धुवा.