घागरीएवढी वाट

"थापी ठेव खाली, धर्मा."

मुरबाडच्या दवाखान्यातला शिपाई सावळाराम सरळगावच्या विहिरीच्या काठावर उभा होता. इथवर उन्हातून चालत आलेला, तरी पाणी मागत नव्हता. धर्मा गवंड्याने हातातला चुना दगडावर पसरला, सांधा पुसला आणि मगच वर पाहिले.

"गेली?"

"सकाळी. पाय मांडीपर्यंत काळा पडला व्हता. डाक्तरानं लय केलं रे."

धर्माने थापी धुतली. मग ती पुन्हा धुतली.

त्या वैशाखात धर्माच्या वाडीतल्या कितीतरी पायांतून नारूचा पांढरा दोरा डोकावत होता. धर्माच्या बायकोच्या, रंगूच्याही. नारू काढायची रीत सगळ्यांना ठाऊक होती. टोक काडीला गुंडाळायचे, रोज बोटभर ओढायचे आणि महिनाभर बसून राहायचे. पण पावसाआधी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचा होता.

"महिनाभर कोण बसंल? पावसाला सांगू, थांब म्हणून?" असे म्हणून तिने दोरा एका दमात ओढला. तो आतच तुटला. चौथ्या दिवशी धर्मा तिला डोलीतून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी जखम चिरून धुतली, पट्टी बांधली. "यावर गोळी नाही," ते म्हणाले. "काडी आणि धीर, एवढंच औषध. गेल्या उन्हाळ्यात पाणी कुठलं प्यायलात?"

"आमच्याच विहिरीचं."

"पायऱ्यांची विहीर?"

"पायऱ्यांच्या तोंडाला भिंत घातली साहेब. लोकल बोर्डाचं काम. मीच केलं."

"मग खाली कुणी उतरत नसेल?"

धर्मा रंगूच्या पायाखालचे कांबळे सारखे करू लागला. डॉक्टर समजावत राहिले. नारूवाला आग शमवायला पाय पाण्यात बुडवतो, तेव्हा किडीची पिल्लं पाण्यात सुटतात. ते पाणी न गाळता प्यायलं की पोटात जातात. वर्षाने दोरा होऊन बाहेर येतात.

वर्षाने. धर्माने मनातल्या मनात महिने मोजले.

गेल्या वर्षी भिंत छातीभर आली तेव्हा रंगू म्हणाली होती, "माझा खांदा रहाटाला चालत नाय. माझ्यापुरती वाट ठेवा ना."

"बोर्डाचा साहेब बघंल गो."

"तो बघून जाईल. पाणी मला रोज भरायचंय."

मग धर्माने तिला कमरेवर घागर घेऊन उभी केली आणि वितीने माप घेतले.

"मापं कसली घेताय? चोळी शिवताय व्हय?"

"जाडी झालीस तर अडकशील."

"मग तुमी काढाल की वडून!"

तेवढीच वाट त्याने ठेवली. पण वाटेला काय कळते, कोण रंगू आणि कोण दुसरे? सगळी वाडी तिथूनच उतरू लागली. दुखरे पाय पाण्यात सोडून माणसे खालच्या पायरीवर बसत. धर्मा येता-जाता पाहत असे. कुणाला कधी उठवले नाही.

आपण ठेवलेल्या वाटेनेच नारू पाण्यात उतरला, हे दवाखान्यात रंगूला त्याने सांगितले नाही. ती त्याला म्हणाली, "मी बरी हाय. तुमी जा, पावसाआधी सरळगावच्या विहिरीची भिंत पुरी करा." म्हणून तो गेला होता.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे धर्मा वाडीच्या विहिरीवर आला आणि भिंतीतल्या त्या वाटेत बसला. येईल त्या बाईची घागर घ्यायची, रहाटाने भरायची, हातात द्यायची. कुणाला खाली सोडायचे नाही. सोबत रंगूचे जुने लुगडे फाडून आणले होते. दुहेरी घडी करून पाणी गाळायला प्रत्येक घागरीच्या तोंडावर तो धरी.

"रे धर्मा," शेजारची धोंडूबाई म्हणाली, "भोकाला दगड लावायचा, तर तू सोताच येऊन बसलास?"

"लावतो गो काकी."

"कवा?"

"लावतो."

तिने भरलेली घागर कमरेवर घेतली. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पावसाला आठ दिवस आहेत. दगड घडून काठावर रचलेले आहेत. चुना भिजवून झाला आहे. रंगूच्या मापाची वाट अजून बुजवायची आहे.