आधी दिसेल त्याचं

एसायासने बाहीच्या केसाळ कडेने काळी काच तिसऱ्यांदा पुसली आणि पुन्हा डोळ्यांना लावली. आत तोच हिरवट गोळा, कडा फिसकटलेला.

“मळकी काच दिलीस.”

“काय सांगता, दाजी!” मानासेने ती घेऊन सूर्याकडे धरली. “स्वच्छ आहे की. ताईची कातडं तासायची सुरी असते ना, अगदी तस्सा दिसतोय. वाकडं पातं, दोन टोकं...”

बोलता बोलता तो थांबला. त्याने मेव्हण्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून उत्तरेकडे.

“हां, मळकीच आहे,” तो म्हणाला.

इतक्या चटकन कबूल करणारा हा प्राणी नव्हे. एसायासच्या मनात पाल चुकचुकली. गोठलेल्या समुद्रावरून चांगली धावणारी कुत्र्यांची स्लेज ह्याने मध्येच थांबवली, का तर म्हणे ग्रहण. आपण काचेत तोंड खुपसून बसायचं आणि ह्याने तेवढ्यात बर्फ धुंडाळायचा, असा डाव दिसत होता. ह्या हिवाळ्यात तीन अस्वलं दिसली आणि तिन्ही वेळा ह्याच्याच तोंडून आधी ‘अस्वल’ हा शब्द फुटला. ज्याला आधी दिसेल, कातडं त्याचं. गोळी कुणाचीही असो. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा एसायासनेच त्याला ती रीत शिकवली होती.

आता सरकारने ठरवून दिलेल्यांपैकी गावाच्या वाट्याचं यंदाचं एकच अस्वल उरलं होतं. विसाव्या वर्षापासून एसायासचा एकही हिवाळा अस्वलाविना गेला नव्हता. त्याच्या अस्वलाच्या कातड्याच्या विजारीचे गुडघे टकले पडले होते, आणि दुकानापाशी लोक हसत म्हणू लागले होते की म्हातारा पुढच्या वर्षी बायकांत बसून मासे सुकवील. ते त्याला फार लागलं होतं.

मानासे मात्र उत्तरेकडे पाठ करून बसला आणि ग्रहण बघत राहिला. एसायासने दुर्बीण उचलून बर्फ चाळायला घेतला. उजेड मंदावला, बर्फ निळसर पडला, गारठा हाडांत शिरला. कुत्री मुटकुळं करून पडली. दुर्बिणीत पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

तासाभराने ऊन परतलं, तरी मानासेच्या तोंडावरची काच हलेना.

“पुरे की! लग्न लावतोस काय सूर्याशी?”

“थांबा हो. कोपरा राहिलाय अजून.”

तेवढ्यात वारा फिरला. म्होरक्या कुत्रा उठला, मग एकेक करत सगळी. साऱ्यांची नाकं उत्तरेला. एसायासने घाईने दुर्बीण लावली, फिरवली, पुसली, पुन्हा लावली. मानासेने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. कुत्री अशी ताणलेली असताना कुठला शिकारी सूर्य बघत बसतो?

एसायासने वर पाहिलं. सावल्या काळ्याभोर पडल्या होत्या. ग्रहण केव्हाच सुटलं होतं.

“मानासे, ती काच मळकी नव्हती ना?”

मानासेने काच खाली घेतली.

“डावीकडच्या हिमनगाच्या पायथ्याशी,” तो पाठमोराच पुटपुटला. “सीलच्या श्वास घ्यायच्या भोकाशी दबा धरून बसलंय. मघापासनं. म्हणा ना, दाजी. तुम्ही म्हटल्याशिवाय मी वळायचा नाही.”

एसायासने त्या बाजूला दुर्बीण रोखली. पांढऱ्यात पांढरंच, अस्वल काही दिसेना. शब्द ओठांवर आला होता. म्हटला असता तर कुणालाही कधी कळलं नसतं. त्याला रडू येईलसं वाटलं.

त्याने दुर्बीण गळ्यातून काढली आणि मानासेच्या मांडीवर ठेवली.

“वळ,” तो म्हणाला. “आणि मोठ्यानं म्हण. डोळ्यांना दिसत नाही, कानांनी तरी आधी गाठतो.”